काँक्रीटच्या जुन्या पुलाची तपासणी: पुण्याच्या पुलांमागची पार्श्वभूमी

महाराष्ट्रात पुलांच्या तपासणीची चर्चा होते ती बहुधा दुर्घटनेनंतर. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळ सावित्रीवरचा पूल पुरात वाहून गेला. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळला. दोन्ही वेळा जुने पूल तपासण्याचे आदेश निघाले. पण सावित्रीचा पूल दगडी कमानींचा होता, कुंडमळ्याचा लोखंडी. पुण्यात मुठा ओलांडायला बांधलेले बहुतेक पूल काँक्रीटचे आहेत. त्यांचं दुखणं वेगळं असतं आणि ते शोधायची रीत वेगळ्याच अपघातांतून घडली.

१२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतरच्या दशकांत शहर नदीपलीकडे पसरलं आणि पुलांची गरज वाढत गेली. देशभर हाच काळ प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या प्रसाराचा. या रीतीत ताणलेल्या पोलादी तारा काँक्रीटमधल्या नळीत असतात आणि त्यांच्याभोवती सिमेंटचं ग्राऊट, म्हणजे पातळ मिश्रण, भरतात. ग्राऊट नीट भरलं नाही तर पोकळीत पाणी साचतं आणि तार आतून गंजते. बाहेर ना डाग, ना तडा. डिसेंबर १९८५ मध्ये वेल्समधला १९५३ चा एक पूल असाच पूर्वसूचनेशिवाय पडला. जुलै १९८६ मध्ये गोव्यात मांडवीचा पूल कोसळला. त्याला जेमतेम दीड दशक झालं होतं. पुढच्या काही वर्षांत रस्ते-पुलांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक पुस्तकं आली: निरीक्षणासाठी एसपी ३५ (१९९०), भारक्षमतेसाठी एसपी ३७ (१९९१), दुरुस्तीसाठी एसपी ४० (१९९३). आजची तपासणी सुधारित आवृत्त्यांसह याच चौकटीत चालते.

मांडवीचा धडा पुण्यात जसाच्या तसा लावता येत नाही. इथे समुद्राची खारी हवा नाही. इथलं मुख्य कारण कार्बोनेशन: हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटची अल्कता कमी करतो आणि सळईवरचं संरक्षण जातं. नव्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन हे अल्कता दाखवणारं रसायन फवारलं की शाबूत काँक्रीट गुलाबी होतं, कार्बोनेट झालेलं रंगहीन राहतं. ही खोली साधारण काळाच्या वर्गमुळाने वाढते. २५ वर्षांत २० मिमी गेली असेल तर ५० व्या वर्षी सुमारे २८ मिमी. सळईवरचं आवरण २५ मिमी असेल, तर गंज सुरू व्हायला फक्त ओल हवी. त्या पिढीच्या पुलांत टॉर सळई सर्रास असते आणि थंड अवस्थेत पीळ दिलेली ती सळई साध्या गोल सळईपेक्षा लवकर गंजते.

ओल येते ती वरून. एक्सपान्शन जॉइंटचं, म्हणजे प्रसरणासाठी सोडलेल्या फटीचं, रबर फाटलं की पावसाचं पाणी थेट गर्डरच्या (तुळईच्या) टोकावर आणि पीअर कॅपवर (खांबाच्या माथ्यावर) पडतं. गर्डरला टेकू देऊन सरकू देणाऱ्या बेअरिंगभोवती माती साचून ते जाम होतं. मग उन्हाळ्यात पूल प्रसरण पावताना सगळा ताण टोकांवर येतो आणि तिथे तिरपे तडे जातात. म्हणून गाळ्याच्या (दोन खांबांमधल्या भागाच्या) मध्यापेक्षा आधी टोकं बघावीत, तीही हात लावता येईल इतक्या जवळून. जुलै २०२५ मध्ये गुजरातेत गंभीराचा, १९८५ चा, पूल पडला तेव्हाही प्राथमिक कारण म्हणून पेडेस्टल (बेअरिंगखालचा ठोकळा) आणि सांधा चिरडल्याचंच सांगितलं गेलं.

डांबर मोजणं बहुतेक वेळा राहून जातं. जुना थर न खरवडता नवा टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. ५० मिमीचा एक जादा थर, २० मीटर गाळा आणि ७.५ मीटर रुंदी धरली तर सुमारे १७ टन कायमचा बोजा. तो मूळ हिशेबात नसतो, म्हणून भारक्षमता काढण्याआधी पृष्ठभागावर भोकं पाडून जाडी मोजावीच.

उपकरणांवर आंधळा भरवसा नको. कार्बोनेट झालेला पृष्ठभाग कठीण होतो, त्यामुळे आपटून उसळीवरून ताकद मोजणारा रिबाउंड हॅमर जुन्या पुलावर ताकद फुगवून दाखवतो. काँक्रीटमधून जाणाऱ्या अल्ट्रासॉनिक लहरींचा वेग जास्त असला तर काँक्रीट चांगलं मानतात, पण मार्गात समांतर सळई आली किंवा काँक्रीट ओलं असलं तर तोही वाढतो. कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढूनच दोन्हींची पडताळणी होते. तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के असावी, एकही ७५ टक्क्यांखाली नको. ड्रिल लावण्यापूर्वी रडारने केबलची जागा नक्की करावी. जुने नकाशे मिळाले तरी त्यांवर विसंबून चालत नाही. सळईचा विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गंजाची शक्यता दाट मानतात, मात्र नळीतल्या केबलबद्दल ती काहीच सांगत नाही. तिथे निवडक जागी नळी उघडून कॅमेरा घालावा लागतो.

पाया बघायला पुण्यात उन्हाळाच योग्य. खडकवासल्याचा विसर्ग बंद असताना जलपर्णी काढून पीअरचा तळ आणि बेसॉल्टवरची बैठक उघडी करता येते.

भारचाचणी अगदी शेवटी, आणि उघड तडे वाढत असलेल्या गाळ्यावर नाहीच. भार २४ तास ठेवून काढल्यावर पुढच्या २४ तासांत वाक आरसीसीत (साध्या सळईच्या काँक्रीटमध्ये) किमान ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्डमध्ये ८५ टक्के परत यायला हवा. दिवसरात्रीच्या तापमानाने गाळा आपोआप वाकतो, म्हणून भार चढवण्याआधी एक पूर्ण दिवस दर तासाला मोकळ्या गाळ्याच्या नोंदी घेऊन ठेवतात आणि तेवढी हालचाल वजा करूनच निकाल काढतात.