वरचा आर्म आखूड का?

माझा भाचा इंदूरला रामबागेतल्या घरामागच्या शेडमध्ये दोन सीटची स्पोर्ट्स कार बांधतो आहे. परवा लोहामंडीतून सीमलेस पाइप आणून तो पुढच्या चाकांचे वरचे-खालचे कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारे दांडे, एकाच मापाने कापायला निघाला. "मामा, वरचा आर्म आखूड करतात तो इंजिनाला जागा मिळावी म्हणून. माझं इंजिन तर मागे आहे." हा समज पुष्कळांचा असतो. जागा मिळते खरी, पण आखूडपणाचं मुख्य काम वळणावर असतं.

टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. वळणावर बॉडी बाहेरच्या बाजूला कलते. दोन्ही आर्म सारखे आणि समांतर असतील तर शाळेतला समांतरभुज चौकोन तयार होतो: बॉडी जितकी कलते तितकंच चाकही कलतं. बॉडी 2.5 अंश कलली की टायरही 2.5 अंश कलून बाहेरच्या कडेवर उभा राहतो.

पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या घेऊन आम्ही टेबलावरच हे करून पाहिलं. आर्म म्हणजे कंपासचा पाय. पाय आखूड तितका कंस लहान, आणि चाक वर उचललं की त्याचं टोक लवकर आत ओढलं जातं. खालचा आर्म 300 मिलिमीटर आणि आडवा; वरचा 200, आतल्या टोकाकडे 8 अंश उतरता; चाकाकडच्या दोन बॉल जॉइंटमध्ये (आर्म चाकाला जोडणारे गोल सांधे) 250 मिलिमीटर अंतर. दोन चाकांमध्ये 1400 मिलिमीटर असतील तर 2.5 अंश कलण्यात बाहेरचं चाक बॉडीच्या मानाने 30 मिलिमीटर वर येतं. तेवढ्यात खालचं टोक 1.5 मिलिमीटर आत सरकतं आणि वरचं 6.6. या 5.1 मिलिमीटरच्या फरकाने चाकाचा माथा 1.2 अंश आत झुकतो. मुळातच 1 अंश आत झुकवून बसवलेलं चाक आता उभ्यापासून फक्त 0.3 अंश दूर राहतं. मला हे गणित दर वेळी तितकंच सुंदर वाटतं.

दोन्ही आर्मच्या रेषा आत वाढवल्या तर चाकापासून सुमारे 1.78 मीटरवर मिळतात. ते क्षणिक केंद्र. चाक त्या क्षणी त्याच्याभोवती फिरतं. टायरच्या तळापासून तिथवर काढलेली रेषा गाडीची मध्यरेषा छेदते तिथे रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्याभोवती कलते तो बिंदू. खालचा आर्म जमिनीपासून 150 मिलिमीटरवर असेल तर रोल सेंटर साधारण 60 मिलिमीटरवर येतं.

मग वरच्या आर्मचा उतार आणखी का वाढवू नये? कारण सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की नाक खाली जातं, दोन्ही चाकं बॉडीच्या मानाने वर येतात आणि दोन्ही टायर आतल्या कडेवर टेकतात. स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी 'स्पोर्टी' करणारे हेच कायमचं ओढवून घेतात: गाडी उभी असतानाच आर्म वर फिरलेले असतात.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढताना चाकाखाली लिंबू ठेवायची पद्धत आहे. लिंबाने वेल्ड जुळत नाही. त्या दिवशी वेल्डवर डाय पेनिट्रंट मारा: लाल रंग लावा, थोडा वेळ मुरू द्या, पुसा, वर पांढरा डेव्हलपर फवारा. भेग असेल तर लाल रेघ उमटते.

भाच्याने वरचे आर्म 200चे कापले. आतल्या ब्रॅकेटला त्याने एकाखाली एक तीन भोकं पाडली आहेत, 15 मिलिमीटरच्या अंतराने. एक भोक बदललं की उतार सुमारे 4 अंशांनी बदलतो. सध्या बोल्ट मधल्या भोकात आहे.