लांबचा एक धागा

सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या बचतगटातल्या एका बाईंशी बोलताना माझ्या तोंडून ‘नेटवर्क’ हा शब्द गेला. त्या लगेच म्हणाल्या, "नको ओ भाऊ, मागं तसल्यातच माझे चार हजार गेले." त्यांच्या डोळ्यांपुढे साखळी योजना होती.

साखळी योजनेत प्रत्येकाने सहा जण आणायचे असतील, तर अकराव्या पायरीला 36 कोटींहून जास्त माणसं लागतात आणि तेराव्या पायरीला सुमारे 1306 कोटी. पृथ्वीवर तेवढी माणसंच नाहीत. म्हणजे त्या बाईंचे पैसे बुडाले ते नशिबाने नव्हे, गुणाकाराने. सामाजिक उद्योजकांचं, म्हणजे धंद्यातून लोकांची अडचण सोडवू पाहणाऱ्यांचं, जाळं मात्र वेगळ्या आकाराचं असतं, आणि त्या आकाराबद्दलच मला सांगायचं आहे. त्यासाठी आधी जरा पोलंडला जाऊ.

1 जानेवारी 1990 पासून पोलंडने सरकारी नियोजनाची अर्थव्यवस्था झपाट्याने बाजारावर सोडली. अशा देशांना संक्रमण अर्थव्यवस्था म्हणतात. तिथला मोठा कारखाना पगारापुरता नव्हता. पाळणाघर, खानावळ, सुट्टीतली सहल, सगळं त्याच्याभोवती होतं. तो बंद पडला की शेजारी, मित्र, मेव्हणा सगळे एकदमच बेकार. आपल्याकडे सोलापुरात जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या बंद पडल्या तेव्हा चाळींतून हेच झालं. जवळची माणसं जेवायला घालतात, पण नव्या कामाची बातमी त्यांच्याकडे नसते. त्यांना तेवढंच माहीत असतं, जेवढं तुम्हाला.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये हे आकड्यांत दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त 16.7 टक्के लोकांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर भेट होत होती; 55.6 टक्के अधूनमधून भेटत, 27.8 टक्के क्वचितच. ती माणसं पांढरपेशी होती, म्हणून तेच आकडे आपल्याकडच्या विडी कामगारांना चिकटवू नयेत. पण यामागचं कारण 1998 मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांच्या गणिताने उलगडलं, आणि ते मला फार आवडतं.

समजा, एक हजार बाया गोल रिंगणात बसल्या आहेत. प्रत्येकीची ओळख डावीकडच्या पाच आणि उजवीकडच्या पाच जणींशी. निरोप ओळखीतूनच पुढे जाणार. एकीकडून दुसरीकडे पोचायला सरासरी 50 टप्पे लागतात. एकूण ओळखी 5000. आता त्यांतल्या फक्त 50, म्हणजे शंभरात एक, शेजारून सोडवायच्या आणि रिंगणात कुठेही, लांब, नेऊन बांधायच्या. सरासरी पन्नासवरून दहाच्या आसपास येते! गंमत पुढेच आहे. ‘माझ्या दोन मैत्रिणी एकमेकींच्याही मैत्रिणी आहेत का?’ हे मोजलं, तर ती घट्ट वीण जवळपास 97 टक्के शिल्लक राहते. असं का होतं? लांबचा धागा फक्त दोघींना जोडत नाही. दोन्ही टोकांच्या शेजारणींची वाटही तोच जवळची करतो, आणि त्यांच्या शेजारणींचीही. पहिल्या काही धाग्यांचा फायदा अफाट असतो, पुढच्यांचा घटत जातो.

आता सोलापूरच्या पूर्व भागात या. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने 1992 मध्ये बचतगट बँकांशी जोडायला सुरुवात केली, आणि गट वाढले. पण एका गटातल्या बाया बहुधा एकाच गल्लीतल्या, माल सारखा, गिऱ्हाईक तेच. शंभर गटांचे दोनशे केले तरी रिंगण फक्त मोठं होतं. टॉवेलच्या कारखान्यातली चिंधी गोधडी शिवणाऱ्या गटापर्यंत पोचवायची, तर दोन्हीकडे ऊठबस असलेलं माणूस लागतं. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू या चारही भाषा ज्या शहरात रोज कानावर पडतात, तिथे अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. शाश्वत विकासाची 2015 मध्ये ठरलेली 17 उद्दिष्टं फलकावर छान दिसतात. चिंधी कचऱ्यात न जाता गोधडीत गेली, तर त्यातलं निदान एक खरं होतं.

आणखी एक गोष्ट रिंगणाच्या गणितात येत नाही: विश्वास. पोलंडमध्ये 2006 मध्ये सामाजिक सहकारी संस्थांचा कायदा झाला, बेकार आणि अपंग लोकांना एकत्र येऊन धंदा उभारता यावा म्हणून. पण ‘सहकारी’ या शब्दालाच जुन्या साम्यवादी राजवटीचा वास होता. त्या बाईंना ‘नेटवर्क’ ऐकून दचकायला झालं, तसंच तिथे ‘सहकार’ ऐकून.

दलालही लांबचा धागाच असतो, हे विसरू नये. फरक एवढाच की त्याच्याकडे धागा एकट्याचा असतो, म्हणून तो भाव ठरवतो. आणि गटातली बाई एकटीच पूल असेल, तर ती आजारी पडल्यावर वाट बंद. म्हणून एका बाजारासाठी एक नको, दोन बाया पाठवा, आणि दुसरीच्या प्रवासाचा खर्चही गटाच्या वहीत मांडा.