उभं राहून गळ टाकायचा तर होडी किती रुंद हवी?

भंडारा-गोंदियातल्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर, ढिवर बांधव अरुंद डोंग्यातून सहज फिरतात. पण त्याच डोंग्यात उभं राहून फ्लाय फिशिंग करायला नवख्याने जाऊ नये.

साध्या गळाला शिशाचं वजन असतं. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे पिसांची नकली माशी, जवळजवळ बिनवजनाची; फेकायची असते ती जाड, जड दोरी. पुढे सुटण्याआधी ती पाठीमागे हवेत पूर्ण उलगडावी लागते. पाण्यालगत बसलं की ती मागे पाण्यावर आपटते, म्हणून माणूस उठून उभा राहतो.

होडी कलली की पाण्याचा वरचा रेटा कललेल्या बाजूला सरकतो. त्या रेट्याची उभी रेघ होडीच्या मध्यरेषेला छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगे याने १७४६ साली ही कल्पना मांडली. माणूस आणि होडी यांचा मिळून गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असला तर होडी सावरते, वर गेला तर उलटते.

हिशेब करून पाहू. सपाट बुडाची चौकोनी होडी ३ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. होडी ४० किलो, माणूस ६० किलो. मेटासेंटर तळापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर येतो. तळावर मांडी घालून बसलात तर गुरुत्वमध्य साधारण २० सेंटिमीटरवर राहतो, निभावतं. उभे राहिलात की तो ६० च्या आसपास जातो. तीच होडी १ मीटर रुंद केली तर मेटासेंटर अडीच मीटरवर! कारण स्थिरता रुंदीच्या घनाने वाढते. लांबी वाढवून एवढा फायदा होत नाही. सपाट बुडाची रुंद होडी पाण्यात जेमतेम ३-४ सेंटिमीटर बुडते, त्यामुळे उथळ काठालाही चालते. माझी पसंती तिलाच. वाऱ्यात मात्र ती भरकटते, नांगराला दगड हवाच.

एकट्याने खांद्यावर न्यायची असेल तर फ्लोट ट्यूब, म्हणजे हवा भरून फुगवायचं, बसायची जागा असलेलं तरंगतं आसन. तिच्यात बसून पायात चढवलेल्या पोहण्याच्या पंखांनी वल्हवायचं, दोन्ही हात मोकळे. बसणं खोल, त्यामुळे उलटायची भीती कमी. पण फेक आखूड पडते, आणि समोरून वारा आला तर परतताना पाय भरून येतात. शिंगाड्याच्या वेली पायात गुंततात, काठच्या बेशरम झुडपाचे खुंट रबर फाडतात. म्हणून असा तलाव असेल तर ट्यूब नकोच. एरवीही निदान दोन स्वतंत्र हवाकप्पे असलेलीच घ्यावी, आणि अंगात लाइफ जॅकेट हवं.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ४५ अंशांच्या उन्हात टच्च फुगवलेली ट्यूब २५ अंशांच्या पाण्यात उतरवली की आतली हवा आकसते, दाब सुमारे ६ टक्क्यांनी घटतो आणि ती मऊ पडते. तेव्हा पाण्यात उतरल्यावर दाबून पाहावं, लागली तर थोडी हवा भरावी. बाहेर काढून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उन्हात ठेवायची असेल, तर आधी हवा सोडावी. नाहीतर शिवणी उसवतात.