स्पोर्ट्स कारसाठी परवडणारे टायर निवडताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पोर्शे बॉक्स्टर, आउडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४ किंवा स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस यांसारखी गाडी काही वर्षे वापरलेली घेतली, तर ती मूळ किमतीच्या बरीच खाली मिळते. तिचे टायर मात्र त्या प्रमाणात स्वस्त झालेले नसतात. चार टायरचे अंदाजपत्रक हातात पडल्यावर आमच्या पुण्यातील दुकानात येणारे बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात, की याहून स्वस्त काही बसवता येईल का. बसवता येते, आणि ते सुरक्षितपणेही बसवता येते. परंतु पैसे कोठे वाचवायचे आणि कोठे अजिबात वाचवायचे नाहीत, हे आधी ठरवावे लागते. ते ठरवणे आपल्याला सोपे जावे यासाठी हे माहितीपत्रक आहे.

टायरवर काय लिहिले आहे

आपल्या गाडीच्या टायरच्या बाजूवर २२५/४० आर १८ ९२ वाय असे लिहिले आहे असे धरू. या वर्गातील अनेक गाड्यांना हाच आकार येतो. यातील २२५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ४० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १८ हा रिमचा इंचांतील व्यास होय. पुढचा ९२ हा भारांक असून त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त ६३० किलो भार पेलू शकतो असा होतो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे आहे: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३००.

यावर नेहमी येणारा आक्षेप रास्त आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट रस्त्याला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि समृद्धी महामार्गावर १२० ची, मग ३०० चा टायर हवा कशाला? याचे उत्तर असे, की हे अक्षर केवळ वेग सांगत नाही. टायर वेगात किती उष्णता सहन करतो याची ती परीक्षा असते, आणि वरच्या श्रेणीच्या टायरची आतली बांधणी सहसा अधिक ताठ असल्याने वळणावर व ब्रेक दाबल्यावर गाडी जशी वागावी अशी तिच्या रचनाकारांची अपेक्षा असते, तशी ती वागते. विदर्भ-मराठवाड्यात भर उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी चालवली, तर टायरमध्ये साठणारी उष्णता लहान नसते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत किंवा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेल्या भारांकाहून व वेगश्रेणीहून खालचा टायर आम्ही बसवत नाही, ग्राहकाने आग्रह धरला तरी नाही. पुस्तिकेत डब्ल्यू चालेल असे असताना दुकानदार वाय घ्या म्हणत असेल, तर तेथे मात्र पैसे वाचवण्यास पूर्ण वाव आहे.

रिमचा व्यास कमी करणे: सर्वांत मोठी बचत

याचा विचार फारच थोडे ग्राहक करतात. आमच्या मते परवडणाऱ्या टायरचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे हलक्या प्रतीचा १८ इंची टायर घेण्याऐवजी चांगल्या प्रतीचा १७ इंची टायर घेणे. २२५/४० आर १८ या टायरचा एकूण व्यास सुमारे ६३७ मिलिमीटर भरतो आणि २२५/४५ आर १७ चा सुमारे ६३४. म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे आणि स्पीडोमीटरवर त्याचा परिणाम जाणवण्याइतका होत नाही. उलट बाजूची भिंत ९० मिलिमीटरवरून १०१ मिलिमीटरवर जाते. आपल्याकडच्या खड्ड्यांत हे अकरा मिलिमीटर फार मोलाचे ठरतात, कारण उथळ भिंतीचा टायर खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये चिमटला गेला, की आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो नवा असला तरी टाकूनच द्यावा लागतो.

हा बदल करण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. त्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला कंपनीनेच १७ इंची चाके दिलेली आहेत का, हे पुस्तिकेत तपासावे, कारण कंपनीला मान्य असलेल्या आकाराबाहेर गेल्यास विम्याच्या दाव्याच्या वेळी वाद उद्भवू शकतो. दुसरी गोष्ट ब्रेकची. स्पोर्ट्स प्रकाराचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारे भाग, मोठे असतात आणि काही गाड्यांत ते १७ इंची रिमच्या आतल्या बाजूला घासतात. त्यामुळे रिम विकत घेण्यापूर्वी एक चाक चढवून, ते हाताने पूर्ण फिरवून, कॅलिपर आणि रिम यांत मोकळी जागा राहते का हे पाहिलेच पाहिजे. रिमसाठी सुरुवातीला खर्च होतो हे खरे. परंतु गाडी आणखी काही वर्षे ठेवायची असेल, तर पुढच्या टायरखरेदीत तो भरून निघण्याची चांगली शक्यता असते. चार-सहा महिन्यांत गाडी विकायची असेल, तर या फंदात पडू नये.

कंपनीच्या खुणेचे टायर

काही टायरवर आकाराखेरीज छोटीशी खूण असते: पोर्शेसाठी एन० किंवा एन१, बीएमडब्ल्यूसाठी तारा, आउडीसाठी एओ, मर्सिडीजसाठी एमओ. गाडीच्या कंपनीने तो टायर तपासून मान्य केला आहे, असा तिचा अर्थ. असे टायर पुष्कळदा महाग असतात आणि ते मागवून घ्यावे लागतात. गाडी वॉरंटीत असेल तर हीच खूण पाळावी, असे आम्ही सांगतो. वॉरंटी संपलेल्या आणि प्रामुख्याने रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला त्याच दर्जाच्या बिनखुणेच्या टायरने काम भागते. अट एवढीच, की चारही चाकांना एकाच कंपनीचे एकाच नक्षीचे टायर असावेत. पोर्शेच्या बाबतीत आम्ही थोडे अधिक जपून सल्ला देतो. मागे इंजिन असलेल्या किंवा मध्यभागी इंजिन असलेल्या गाडीत पुढच्या व मागच्या पकडीचा तोल नाजूक असतो, म्हणून तेथे शक्य असेल तर खुणेचाच संच घ्यावा आणि निरनिराळ्या खुणांची सरमिसळ करू नये.

पावसाळा आणि रबर

महाराष्ट्रात स्पोर्ट्स कारच्या टायरची खरी कसोटी उन्हाळ्यात लागत नाही, ती जूनपासून सप्टेंबरपर्यंत लागते. रुंद टायरला पाणी बाजूला सारायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरपेक्षा आधी तरंगू लागतो आणि त्या क्षणी स्टिअरिंग हलके पडते. टायर संपल्याची सर्वमान्य खूण १.६ मिलिमीटर खोलीची आहे आणि मुख्य खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे ती दाखवतात. रुंद टायरच्या बाबतीत मात्र तोपर्यंत थांबू नये. तीन मिलिमीटर खोली उरली असेल आणि मे महिना चालू असेल, तर पावसाळ्यापूर्वीच टायर बदलावेत. ताम्हिणी किंवा वरंध घाटात पावसात जाणाऱ्यांनी तर हे पाळावेच.

म्हणूनच ट्रॅकसाठी बनवलेले, थोड्याच खाचांचे चिकट रबराचे टायर आम्ही रोजच्या गाडीसाठी सुचवत नाही. ते महाग असतात, लवकर झिजतात आणि साचलेल्या पाण्यात कमी पडतात. आयात टायरसोबत युरोपीय लेबल असेल तर त्यावर ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी ए ते ई अशी दिलेली असते. तेथे ए किंवा बी निवडावी. आपल्याला हव्या असलेल्या आकाराचीच श्रेणी पाहावी, कारण एकाच नक्षीच्या वेगवेगळ्या आकारांना वेगवेगळी श्रेणी मिळू शकते. काही टायरवर ट्रेडवेअर या शब्दापुढे २२०, ३०० किंवा ४०० असा आकडा कोरलेला असतो. आकडा मोठा म्हणजे टायर अधिक टिकण्याची अपेक्षा. परंतु हा आकडा टायर कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना करायला तो उपयोगी पडतो, दोन कंपन्यांची तुलना करताना त्यावर फार विसंबू नये.

किमतीचा हिशेब नगावर न करता किलोमीटरवर करावा. समजा, एक टायर १२,००० रुपयांचा असून २०,००० किलोमीटर चालला आणि दुसरा १७,००० रुपयांचा असून ३५,००० किलोमीटर चालला, तर पहिल्याचा खर्च किलोमीटरमागे ६० पैसे पडतो आणि दुसऱ्याचा ४९ पैशांच्या आत राहतो. अर्थात वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीला हा हिशेब लागू पडत नाही, कारण तिचे टायर झिजण्याआधी वयाने बाद होतात.

बाजारातील परिस्थिती

केंद्र सरकारने जून २०२० मध्ये नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले आणि तेव्हापासून मोठ्या व कमी खपाच्या आकारांची उपलब्धता कमी-जास्त होत राहिली आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे; ते नसलेला टायर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. दिलासा देणारी गोष्ट अशी, की २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, म्हणून त्यापूर्वीचे जुने अंदाजपत्रक हाती धरून तुलना करू नये. अपोलोने २००९ साली नेदरलँड्सची व्रेडेस्टाईन ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या नावाचे टायर आता भारतातही मिळतात. परदेशी नावांच्या वरच्या पायरीवर जाण्यापूर्वी अशा पर्यायांचा भाव अवश्य विचारावा.

टायरची जन्मतारीख

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३२५ असे असेल, तर टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. हे अंक पुष्कळदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत गेली तर गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून टायर रिमवर चढवण्यापूर्वीच ते पाहून घ्यावेत. कमी खपाच्या आकारात घसघशीत सवलत मिळत असेल, तर बहुधा माल जुना असतो. नीट साठवलेला वर्षभराचा टायर घेण्यास हरकत नाही. तीन-चार वर्षे गोदामात पडून असलेल्या टायरला मात्र कितीही सवलत मिळाली तरी तो सौदा खोटाच, कारण त्याच्या आयुष्याची तेवढी वर्षे आधीच गेलेली असतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि खाचा कितीही खोल उरल्या असल्या तरी दहा वर्षांपलीकडे तो वापरू नये.

वापरलेल्या टायरबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: स्पोर्ट्स कारला ते बसवू नयेत. झिजून गोटा झालेल्या टायरला गरम पात्याने पुन्हा खाचा पाडून, वर काळे पॉलिश फिरवून ते विकले जातात. अशा खाचेत वाकून पाहिले तर तळाशी रबराचा पातळ थर राहिलेला दिसतो आणि झिजेची खूण दाखवणारे उंचवटे कापले गेलेले असतात.

दोन बदलावेत की चार

पुढे-मागे एकच आकार असलेल्या आणि फक्त दोन चाकांना शक्ती जाणाऱ्या गाडीत दोन टायर बदलून भागते, आणि नवे टायर मागच्या बाजूला बसवावेत. ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू सुटली, तर ती सावरणे पुढची बाजू सुटण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. चारही चाकांना शक्ती जाणाऱ्या गाडीत चारही टायरचा घेर जवळपास सारखा हवा, अन्यथा शक्ती वाटून देणाऱ्या यंत्रणेवर सतत ताण पडतो आणि तिच्या दुरुस्तीपुढे टायरची बचत किरकोळ ठरते. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, टायर काढून साधे टायर बसवल्यास खर्च कमी होतो आणि गाडी मऊ चालते, पण अशा गाड्यांत सहसा स्टेपनी नसते; म्हणून पंक्चरचे साहित्य आणि छोटा कॉम्प्रेसर डिकीत ठेवावा व बदल चारही चाकांचा एकदमच करावा.

नवे टायर टिकावेत म्हणून

जुने टायर काढल्यावर ते फेकण्यापूर्वी आम्ही ग्राहकाला ते हाताने पाहण्यास सांगतो. टायरच्या पृष्ठभागावरून तळवा आडवा फिरवावा. एका दिशेने तो गुळगुळीत लागला आणि उलट दिशेने करवतीसारखा अडकला, तर चाकांच्या पुढच्या टोकांची दिशा, म्हणजे टो, बिघडलेली आहे. बाहेरून टायर छान दिसत असून आतली कड मात्र तार दिसेपर्यंत घासली असेल, तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत किंवा बाहेर झुकलेला कल, तपासावा लागतो. गाडीची उंची मुद्दाम कमी केलेली असल्यास हे हमखास आढळते. ही कड नेहमीच्या वापरात दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांची आतली बाजू पाहावी. अलाइनमेंट न करता नवे टायर बसवले, तर त्याच ठिकाणी पुन्हा घासायला सुरुवात होते.

हवेचा दाब टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील पट्टीप्रमाणे, पंधरा दिवसांतून एकदा पाहावा. नायट्रोजन भरलेला असला तरी ही तपासणी चुकत नाही.

आमच्याकडून टायर घेताना प्रत्येक टायरचे डीओटीचे अंक बिलावर लिहून मागावेत. नव्या टायरवर साच्यातील तेलकट थर राहिलेला असतो, त्यामुळे पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणे आणि वेगाने वळणे टाळावे. एवढे अंतर झाल्यावर गाडी पुन्हा घेऊन यावी. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या मापाला तपासले जातील आणि चारही टायरमधील हवा पाहिली जाईल. या तपासणीचे वेगळे पैसे आकारले जात नाहीत.