दोन करतारपूर: एक रावीपलीकडचं, एक जालंधरजवळचं

नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस जालंधर सोडलं की करतारपूर नावाच्या स्टेशनावरून पुढे जाते. भारतीय भाविकांना व्हिसाशिवाय सीमेपलीकडे दर्शनाला नेणाऱ्या कॉरिडॉरमुळे बातम्यांत गाजलं ते करतारपूर मात्र हे नव्हे. ते रावीपलीकडे, पाकिस्तानच्या नारोवाल जिल्ह्यात आहे. दोन्ही शीख गुरूंनीच वसवलेली, म्हणून घोळ आणखी वाढतो.

रावीकाठचं खेडं गुरू नानकांचं. दूरदूरच्या यात्रा आटोपून ते इथे स्थिरावले आणि अखेरची सुमारे 18 वर्षं त्यांनी इथे शेती केली. दिवसभर राबायचं, दोन्ही वेळा कीर्तन, आणि पिकेल ते लंगरात सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायचं. शीख समाजाची घडी या शेतातच बसली. भाई लहणा इथेच नानकांचे वारस, गुरू अंगद झाले. 1539 मध्ये नानकांनी इथे देह ठेवला. अंत्यविधी कोणत्या रीतीने करायचे यावरून हिंदू आणि मुसलमान शिष्यांत वाद झाला, चादर उचलली तर खाली फक्त फुलं होती, अशी श्रद्धा आहे. दोघांनी ती वाटून घेतली. म्हणून आत समाधी आहे आणि बाहेर अंगणात मजार, म्हणजे कबर. एकाच माणसाची दोन्ही रीतींची स्मारकं एकाच आवारात नांदतात. या जागेचं खरं वैभव मला यातच वाटतं.

इथल्या गुरुद्वाराची जुनी वास्तू रावीच्या पुरात गेली. आजची घुमटांची पांढरी इमारत 1920 च्या दशकात पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्या देणगीतून उभी राहिली. 1947 मध्ये गुरदासपूर जिल्ह्यातला शकरगढ तालुका तेवढा पाकिस्तानात गेला आणि त्याबरोबर हा गुरुद्वाराही. सीमेपासून अंतर जेमतेम साडेचार किलोमीटर! तरी भाविकांना वर्षानुवर्षं सीमेच्या भारतीय बाजूच्या डेरा बाबा नानकला उभं राहून दुर्बिणीतून दर्शन घ्यावं लागलं. 9 नोव्हेंबर 2019 ला कॉरिडॉर सुरू झाला. व्हिसा नको, पण पासपोर्ट, आगाऊ नोंदणी आणि 20 डॉलर शुल्क; सकाळी जाऊन त्याच दिवशी परतायचं. कोविडमध्ये तो बंद पडला, पुन्हा सुरू झाला आणि मे 2025 मध्ये भारताने परत बंद केला. जायचं मनात असेल तर आधी ताजी स्थिती विचारून घ्या.

जालंधरजवळचं करतारपूर पाचवे गुरू अर्जन यांनी 1594 मध्ये वसवलं. आज ते फर्निचरसाठी ओळखलं जाणारं गजबजलेलं गाव आहे. गुरू अर्जनांनी इथे शिसमाच्या खोडाचा खांब रोवला, म्हणून इथला गुरुद्वारा थम्म साहिब; थम्म म्हणजे खांब. 1757 मध्ये अब्दालीच्या फौजेने तो जाळला. त्याआधी 1635 मध्ये सहावे गुरू हरगोबिंद इथेच मोगलांच्या बाजूने आलेल्या पैंदे खानाशी लढले. त्यांचा कोवळ्या वयाचा मुलगा त्यागमल या लढाईत असा शौर्याने लढला की तेगबहादूर हे नाव त्याला तेव्हापासून मिळालं, असं परंपरा सांगते. तेच पुढे नववे गुरू झाले.

पण मराठी माणसाने या गावाची वाट धरावी ती ग्रंथासाठी. गुरू अर्जनांनी सांगितलेली आणि भाई गुरदासांनी लिहून 1604 मध्ये पूर्ण केलेली आदि ग्रंथाची, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबाच्या मूळ रूपाची प्रत, करतारपुरी बीड, इथल्या सोढी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. गुरू ग्रंथ साहिबात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत.