जननदर घटला, की नुसता उशीर झाला?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी लोकांना जास्त मुलं होऊ द्या असं आवाहन केलं. पुढच्याच महिन्यात तिथल्या विधानसभेनं दोनपेक्षा जास्त अपत्यं असलेल्यांवरची स्थानिक निवडणुकांची बंदी उठवली. महाराष्ट्रात तशीच बंदी २००१ मध्ये लागू झाली होती. थोडक्यात, तिसऱ्या मुलाला इथे शिक्षा, तिथे शाबासकी. हवाला मात्र दोन्हीकडे एकाच आकड्याचा, एकूण जननदराचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) तो भारतात २.०, तर महाराष्ट्रात १.७ निघाला.

महाराष्ट्रातली बाई सरासरी १.७ मुलांवर थांबते, असा याचा अर्थ बहुतेक जण लावतात. तो चुकीचा आहे. ठरावीक काळात विशीतल्या बायकांना किती मुलं झाली, तिशीतल्यांना किती, असे १५ ते ४९ वयाचे दर काढून त्यांची बेरीज करतात. ही बेरीज जगणारी खरी बाई कुठेच नसते. त्यातली विशी एकीची, चाळिशी दुसरीचीच.

खरी गंमत इथे आहे. समजा स्वारगेटहून दर १० मिनिटांनी बस सुटते. प्रत्येक बस आधीच्या बसपेक्षा २ मिनिटं जास्त रेंगाळू लागली, तर दोन बसमधलं अंतर १२ मिनिटं होईल आणि थांब्यावर तासाला सहाऐवजी पाचच येतील. एकही फेरी रद्द नाही, पण मोजणारा म्हणेल, बस कमी झाल्या.

आता १९९० ते १९९९ मध्ये जन्मलेल्या मुलींचे दहा गट घ्या. प्रत्येकीला दोनच मुलं होतात, फक्त प्रत्येक गटाचं आई होण्याचं सरासरी वय आधीच्या गटापेक्षा ०.२ वर्षानं पुढे. दहा वर्षांत व्हायची बाळंतपणं बारा वर्षांत पसरली, म्हणून दर दिसतो २ भागिले १.२, म्हणजे १.६७. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन बोंगार्ट्स आणि ग्रिफिथ फीनी यांनी १९९८ मध्ये यावर दुरुस्ती सुचवली: दिसणारा दर भागिले (१ वजा र). 'र' म्हणजे सरासरी वय दर कॅलेंडर वर्षाला कितीनं सरकतं ते. इथे बारा वर्षांत दोन वर्षं, म्हणजे ०.१६७. करून बघा, २ परत मिळतात. प्रत्यक्षात पहिलं, दुसरं, तिसरं मूल वेगवेगळं मोजून मग बेरीज करावी लागते.

एखाद्याच वर्षी सगळ्यांनी मूल टाळलं तर काय होतं, ते जपाननं दाखवलंय. पंचांगात दर साठ वर्षांनी येणाऱ्या 'अग्निअश्व' वर्षात जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते या समजुतीपायी तिथला दर १९६५ मधल्या २.१४ वरून १९६६ मध्ये १.५८ वर आला आणि १९६७ मध्ये २.२३ वर उसळला. मंगळाच्या मुलीचं स्थळ नाकारणाऱ्या आपल्याला हसायची सोय नाही. २०२६ हे पुन्हा तेच वर्ष.

पुण्यात आई होण्याचं वय सरकतं ते पत्रिकेमुळे नव्हे. वाकडमधल्या एका पाळणाघराच्या दारावर कागद चिकटवलाय: 'संध्याकाळी ७ नंतर दर अर्ध्या तासाला १०० रु. जादा.' हिंजवडीतल्या आईचा अमेरिकेच्या क्लायंटबरोबरचा कॉल साडेसातला सुरू होतो. साताऱ्याहून येऊन राहणारी आजी नसेल, तर दुसऱ्या मुलाचा विषय पुढच्या अप्रेझलनंतर.

हा उशीर हवा तितका ताणता येत नाही, आणि सूत्राला ते दिसत नाही. मुलगी १० ते २० लाख बीजं घेऊनच जन्मते, पुढे नवी बनत नाहीत, आणि पस्तिशीनंतर त्यांची संख्या नि दर्जा दोन्ही झपाट्यानं घसरतात. बीजं गोठवा आणि निर्धास्त राहा, या जाहिरातबाजीला भुलू नये. गोठवलेलं प्रत्येक बीज म्हणजे मूल नव्हे. पुढे ढकललेल्या दुसऱ्या मुलांपैकी काही कधीच येत नाहीत.

सरकारला काही करायचंच असेल, तर या उशिराच्या कारणांना हात घालावा. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांची पगारी रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण रजेचा पगार बऱ्याचदा मालकाच्या खिशातून जातो, म्हणून मुलाखतीत मुलीलाच विचारतात, "लग्नाचं काय ठरलंय?" बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस रजा मिळते. खासगी नोकरीत कायद्यानं एकही नाही.