घटसर्पाचा भाऊबंद

मे सरत आला की खानदेशात गावोगावी गुरांना घटसर्पाची लस टोचून घ्यायची गडबड सुरू होते. पाऊस पडायच्या आत हे काम उरकायचं असतं. म्हशीचा गळा सुजून घरघर सुरू झाली की दिवसाच्या आत जनावर हातचं जातं, हे ज्याने एकदा पाहिलं तो लस टाळत नाही. या रोगाच्या जिवाणूचं नाव पाश्चरेला मल्टोसिडा. (माणसांच्या डिप्थीरियालाही आपण घटसर्पच म्हणतो, पण त्याचा जिवाणू अगदी निराळा.)

नावातला पाश्चर म्हणजे लुई पाश्चर. १८७९-८० च्या सुमारास ते कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होते, तोही याच जिवाणूचा रोग. बरेच दिवस पडून मरगळलेले जिवाणू टोचले तर कोंबड्या मरत नाहीत, आणि नंतर ताजे जिवाणूही पचवतात, हे त्यांना दिसलं. रोगाचाच जंतू प्रयोगशाळेत कमजोर करून त्याची लस बनवण्याची वाट तिथून निघाली.

याच जिवाणूचे दुसरे वाण बहुतेक मांजरांच्या आणि बऱ्याच कुत्र्यांच्या तोंडात सुखाने नांदतात. मांजर मोठ्या माणसाला चावलं तर जखम दिवसाभरात लाल होऊन ठणकू लागते, आणि वेळेत औषध मिळालं की बहुधा तिथेच थांबते. पण हाच जिवाणू क्वचित दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या नाकातोंडातून रक्तात आणि रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो. मग होतो तो जिवाणूजन्य मेंदूज्वर. अनेक नोंदींत चावा नाही, ओरखडाही नाही. घरातल्या जनावराने बाळाचा हात किंवा तोंड चाटलं, एवढंच.

रक्तातल्या पहारेकऱ्यांना तो चकवतो कसा? त्याच्या एका मोठ्या गटाच्या अंगावर हायलुरॉनिक आम्लाचं कवच असतं. हा पदार्थ आपल्या सांध्यांत आणि कातडीतही असतो. चेहऱ्याला लावायच्या महागड्या सीरमच्या बाटलीवर तेच नाव छापलेलं असतं. चोराने घरच्याच माणसाचं उपरणं पांघरून आत शिरावं, तसला प्रकार. त्यात तान्ह्या बाळाच्या संरक्षक पेशी अजून कच्च्या. आईकडून मिळणारी प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातली जंतूंशी लढणारी प्रथिनं, बहुतांश गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत येतात, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शिदोरी आणखी तोकडी.

लक्षणं फसवी असतात. मोठ्यांची मान ताठते. तान्ह्याची बहुधा ताठत नाही. आजी एवढंच म्हणते, "पोऱ्या दूध पेत नही." अंग तापतं, कधी उलट गारही पडतं. रडणं किरटं होतं, उचलून घेतलं तर बाळ शांत व्हायच्या ऐवजी जास्तच कळवळतं. आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असताना याला सरळ "ऊन लागलं" म्हणून मोकळं होतात. इथे टाळू पाहावी. बाळ शांत असताना त्याला उभं धरून बोट हलकेच फिरवलं, तर अंगातलं पाणी कमी झालेल्या बाळाची टाळू खोल गेलेली लागते. मेंदूज्वरात ती भरून वर येते. अर्थात ती वर आली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ अंश सेल्सियसला पोचला, तर घरात बसून वाट पाहण्यात अर्थ नाही.

दवाखान्यात डॉक्टर पाठीतलं पाणी काढायचं म्हणतात आणि घरचे बिथरतात. "पोर लुळं पडेल" ही भीती मी सुशिक्षित घरांतूनही ऐकली आहे. तान्ह्या बाळाचा मज्जारज्जू कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात. निरोगी पाणी नितळ असतं. पू झालेलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ दिसतं, त्यात पांढऱ्या पेशी हजारांच्या घरात जातात, आणि एरवी रक्ताच्या साधारण दोन-तृतीयांश असणारी साखर घसरते.

मग काचपट्टी. सूक्ष्मदर्शकाखाली आखूड गुलाबी कांड्या दिसतात. विशिष्ट रंग दिला तर दोन्ही टोकं गडद आणि मधला भाग फिका, सेफ्टी पिनसारखा. हिमोफिलस नावाचा जिवाणूही असाच दिसतो, त्यामुळे घाईत चूक होते. उलगडा होतो तो जंतू वाढवून पाहायच्या थाळ्यांवर. नवजात बाळांत नेहमी सापडणारा ई. कोलाय मॅकॉन्की नावाच्या थाळीवर फोफावतो, पाश्चरेला तिथे सहसा उगवत नाही. साध्या रक्ताच्या थाळीवर हिमोफिलस वाढत नाही, हा मात्र छान वाढतो. आणि काचपट्टीवर असे गुलाबी दिसणारे बरेच जिवाणू जुन्या पेनिसिलिनला जुमानत नाहीत, हा बहुधा मरतो. पण गावातच प्रतिजैविकाची दोन इंजेक्शनं देऊन झाली असतील, तर थाळी कोरी राहू शकते. जंतू दबतो, दाह चालूच राहतो, आणि कुणाशी गाठ आहे ते कळत नाही. मला यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट हीच वाटते.

योग्य औषध शिरेतून दोन-तीन आठवडे द्यावं लागतं. बरं होऊन घरी निघालेल्या बाळाची ऐकण्याची तपासणी करून घ्यावी, कारण या आजारात कानाची नस दगावू शकते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंट लशीने हिमोफिलसचा 'बी' प्रकार पुष्कळ आटोक्यात आणला. पाश्चरेलावर माणसांसाठी लस नाही.

उरतो डॉक्टरांचा एक प्रश्न, "घरी मांजर पाळता का?" उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येतं, आणि ते खोटंही नसतं. धाब्याच्या घरात मांजर कुणी पाळत नाही. ती कणगीमागे व्यालेली असते, दुपारी झोळीतल्या गोधडीच्या उबेला येऊन बसते, बाळाच्या ओठांवरचं दूध चाटते. म्हणून प्रश्न बदलून विचारावा लागतो, "मांजर घरात येते का?" मग आजी हसून सांगते, "ती ते घरनीच शे, साहेब."